स्केल मॉडेल गाड्यांचे सुटे भाग घरी घडवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची बहुतेक उदाहरणं मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची आहेत. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी ३० ऑक्टोबर २०२३ पासून टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यावरून बाद झाली. ती कशी दिसायची हे मात्र सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे मॉडेलमध्ये कुठे काय चुकलं ते बघणाऱ्याला लगेच कळतं. शिकायला अशीच गाडी हवी.

स्क्रॅच-बिल्डिंग, किटबॅशिंग आणि कन्व्हर्जन यांत फरक काय?

प्लॅस्टिकची शीट, पितळी तार, लाकूड, पुट्टी अशा कच्च्या मालातून भाग घडवला की ते स्क्रॅच-बिल्डिंग. एका किटचं (विकत मिळणाऱ्या, जोडायच्या भागांच्या संचाचं) इंजिन, दुसऱ्याची चाकं, तिसऱ्याच्या सीट असं जमवून गाडी उभी केली की किटबॅशिंग. तयार मॉडेलला कापून-जोडून त्याच गाडीचा दुसरा अवतार काढला, उदाहरणार्थ चार दारांच्या बंद गाडीची पिकअप केली, तर ते कन्व्हर्जन. प्रत्यक्षात एकाच मॉडेलमध्ये हे तिन्ही असतं. 'शंभर टक्के स्क्रॅच' असल्याचा अभिमान कुणी बाळगावा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. मला तो वाद निरर्थक वाटतो.

कोणत्या स्केलपासून सुरुवात करू?

१:२४, म्हणजे मॉडेल खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाइतकं. आतलं डॅशबोर्ड, गिअरचा दांडा, सीटची शिवण हे सगळं दिसण्याइतकी गाडी मोठी होते आणि टेबलावर मावण्याइतकी लहान राहते. हिशोबही सोपा आहे: खऱ्या गाडीवरचा एक इंच म्हणजे मॉडेलवर जेमतेम एक मिलिमीटर.

पद्मिनीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, २३४० मि.मी. आहे. १:१८ मध्ये ते १३० मि.मी. होतं, १:२४ मध्ये ९७.५, १:४३ मध्ये ५४.४ आणि १:६४ मध्ये अवघं ३६.६. शेवटच्या आकड्याकडे पाहिलंत तर 'लहान गाडी सोपी' हा समज का खोटा आहे ते कळेल. गाडी लहान होते, तुमची बोटं तेवढीच राहतात.

मूळ गाडीची मापं मिळत नाहीत. मग?

खरी गाडी समोर असेल तर टेप घेऊन जा, मालकाची परवानगी घ्या आणि सगळं मोजा. दुसऱ्यांदा जाणं होत नाही. नसेल तर फोटोवरून काढायची. त्यासाठी एक माप खात्रीचं हवं, आणि व्हीलबेस हे सगळ्यात भरवशाचं. बरोबर बाजूने काढलेला फोटो घ्या. समजा स्क्रीनवर व्हीलबेस १५६ मि.मी. भरला. आपल्याला हवा ९७.५. भागाकार केला की गुणक आला ०.६२५. आता त्याच फोटोत दाराचं हँडल ८ मि.मी. दिसत असेल तर मॉडेलवर ते ५ मि.मी. करायचं. हा एक गुणक वापरून पूर्ण बाजूचा आराखडा निघतो.

पण फोटो कसा काढलाय यावर सगळं अवलंबून आहे. मोबाइल घेऊन गाडीजवळ उभं राहून काढलेल्या फोटोत जवळचा भाग फुगतो आणि लांबचा आक्रसतो. अशा फोटोवरून केलेलं मॉडेल बेडकासारखं दिसतं आणि बिचाऱ्या माणसाला कारण सापडत नाही. शक्य तितकं लांब जा, मग झूम करा आणि कॅमेरा चाकाच्या मध्याच्या उंचीवर ठेवा. जुन्या फोटोंत ही सोय नसते, म्हणून अशा तीन-चार फोटोंवरून तेच माप काढून सरासरी धरायची.

नंबरप्लेटचाही पट्टीसारखा उपयोग होतो. आपल्याकडे मोटारीच्या लांबट प्लेटचं नियमातलं माप ५०० बाय १२० मि.मी. आहे, १:२४ मध्ये ते साधारण २०.८ बाय ५ होतं. अलीकडच्या गाड्यांना हे चालतं. जुन्या टॅक्सीची प्लेट पेंटरने हाताने रंगवलेली आणि पत्रा मिळेल त्या मापाचा, तिच्यावर विसंबू नका.

अजून एक. गाडीचं मॉडेल नक्की कोणत्या वर्षाचं करताय ते आधी ठरवा. गोल पाठीची 'डुक्कर फियाट', त्यानंतरची डिलाइट आणि पद्मिनी या एकाच घराण्यातल्या गाड्या असल्या तरी लोखंडी जाळी, दिवे, बंपर सगळं वेगळं. एकीचा फोटो आणि दुसरीचं माप अशी खिचडी फार बघायला मिळते.

पहिला भाग कोणता करू?

बॉडी नको. टॅक्सीचं मीटर करा.

पद्मिनी टॅक्सीचं जुनं यांत्रिक मीटर गाडीच्या बाहेर, पुढच्या डाव्या बाजूला बसवलेलं असायचं. लहान आहे, चौकोनी आहे, फसलं तर एका संध्याकाळी दुसरं होतं, आणि नीट जमलं तर अख्ख्या मॉडेलला जीव येतो. एक मि.मी. जाडीच्या स्टायरीनचे (मॉडेलकामाच्या प्लॅस्टिक शीटचे) तुकडे एकावर एक चिकटवून ठोकळा करायचा आणि रात्रभर वाळू द्यायचा. ओला असताना घासला तर थर सरकतात. मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरावर ठोकळा फिरवायचा, ठोकळ्यावर पेपर नाही. पेपर काचेवर चिकटवून ठेवला की कडा सरळ राहतात. पुढच्या बाजूला काचेची चौकट म्हणून ०.२५ मि.मी. शीटची बारीक पट्टी. आतला आकड्यांचा कागद छापून चिकटवायचा आणि त्यावर काचेसारखा एक थेंब पारदर्शक फेविकॉल-छापाचा डिंक किंवा क्लिअर लॅकर.

खरी गंमत झेंड्यात, म्हणजे टॅक्सी रिकामी असताना उभा आणि मीटर टाकलं की आडवा होणाऱ्या पात्यात आहे. ०.३ ते ०.४ मि.मी. पितळी तारेचं टोक हातोडीने चपटं करायचं, त्यावर कागद पंचने पाडलेली चकती लावायची आणि मीटरच्या बाजूला ०.४ मि.मी.चं भोक पाडून त्यात तार बसवायची. झेंडा उभा की आडवा हे मॉडेलमधल्या प्रसंगावरून ठरतं. मागच्या सीटवर गिऱ्हाईक बसवलं असेल तर मीटर टाकलेलंच हवं. झेंडा उभा ठेवून प्रवासी बसवलेली टॅक्सी प्रदर्शनात ठेवलीत तर जुना मुंबईकर पहिलं तेच विचारेल.

मीटरनंतर टपावरचा कॅरिअर घ्या. त्यासाठी साधारण एक मि.मी.ची पितळी तार, लाकडी फळीवर आराखडा चिकटवून त्यावर ठोकलेले बारीक खिळे, आणि डाख द्यायची तयारी. खिळ्यांत तारा अडकवल्या की त्या हलत नाहीत. सांध्याला फ्लक्स (डाख नीट धरावा म्हणून लावायचा पदार्थ) लावून तापलेलं सोल्डरिंग आयर्न जेमतेम टेकवायचं. शेजारचा सांधा सुटू नये म्हणून त्यावर ओल्या कापसाचा बोळा ठेवायचा. सुपरग्लूने जोडलेला कॅरिअर दिसतो ठीक, पण पहिल्यांदा हात लागला की सुटतो.

स्टायरीन शीट मिळत नाही. घरातलं काय चालेल?

एव्हरग्रीन, प्लास्ट्रक्ट, टामिया यांच्या शीट छंदाच्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळतात. मोठ्या कामासाठी साइनबोर्डवाल्यांना लागणारी हाय-इम्पॅक्ट पॉलिस्टायरीन शीट मागा, 'हिप्स' म्हटलं की कळतं. तीही तीच वस्तू आहे.

घरातल्या डब्यांच्या तळाला त्रिकोणात आकडा असतो. ६ असेल तर पॉलिस्टायरीन: कापा, वापरा. ५ असेल तर पॉलिप्रॉपिलीन, त्याला कुठलाच नेहमीचा डिंक धरत नाही. आइस्क्रीमचे बहुतेक डबे या दुसऱ्या जातीचे असतात, म्हणून आकडा बघितल्याशिवाय साठवू नका. जुन्या सीडीचं पारदर्शक कव्हर पॉलिस्टायरीनचं असतं. ते ठिसूळ असलं तरी दिव्यांच्या सपाट काचांना छान.

सनबोर्ड मॉडेलच्या खालच्या रस्त्याला आणि फुटपाथला ठीक. गाडीच्या भागांना नको. त्याची कड स्पंजासारखी असते आणि कितीही पुट्टी भरली तरी रंगाखालून डोकावते.

हत्यारं कोणती घेऊ?

आधी तीन गोष्टी: मेडिकलच्या दुकानातलं ३ नंबरचं सर्जिकल हँडल आणि ११ नंबरची पाती, स्टीलची पट्टी, आणि व्हर्निअर कॅलिपर. कॅलिपरमध्ये काटकसर करू नका. बाकी बारीक कानशी, पिन व्हाइस (बोटांनी फिरवायचं बारीक ड्रिल), बारीक करवत, चिमटे हे सगळं सोनारकामाची हत्यारं विकणाऱ्या दुकानात मॉडेलच्या दुकानापेक्षा चांगलं आणि स्वस्त मिळतं. मुंबईत झवेरी बाजाराच्या आसपास, पुण्यात रविवार पेठेत चक्कर मारा. दुकानदाराला 'मॉडेल' सांगत बसू नका, 'एक मिलिमीटरच्या आतलं ड्रिल दाखवा' म्हणा.

फेविक्विक वापरू की मॉडेल सिमेंट?

स्टायरीनला स्टायरीन जोडायचं असेल तर पातळ सिमेंट. ते डिंक नाहीच, द्रावक आहे. दोन्ही कडा विरघळून एकजीव होतात. तुकडे एकमेकांना टेकवून धरा आणि फटीला ब्रश लावा, सिमेंट आपोआप आत खेचलं जातं.

धातू, रेझिन (साच्यात ओतून घट्ट होणारं प्लॅस्टिक), रबर असं वेगळं काही जोडायचं असेल तर फेविक्विक किंवा कुठलाही सायनोअॅक्रिलेट. त्यावर चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की तो क्षणात दगडासारखा होतो. छोटे खड्डे भरायला हा उपाय उत्तम, पण लगेच घासा. दुसऱ्या दिवशी तो आजूबाजूच्या प्लॅस्टिकपेक्षा कडक झालेला असतो आणि घासताना भोवतीच खड्डा पडतो. काचांच्या जवळपास मात्र फेविक्विक नेऊ नका. त्याच्या वाफेने पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरी धूसर साय येते. काचा फेविकॉलने बसवा.

पूर्ण बॉनेट किंवा टप कसा बनवायचा?

वक्र पत्रा सपाट शीटमधून वाकवून मिळत नाही, कारण तो दोन दिशांनी वळलेला असतो. त्यासाठी साचा लागतो. सागाचा किंवा जेलुटाँगसारख्या मऊ, रेषा नसलेल्या लाकडाचा ठोकळा बॉनेटच्या आकाराचा घडवा. शीटची जाडी वजा करून घडवायचा, नाहीतर भाग मोठा होतो. त्याला सँडिंग सीलर मारून गुळगुळीत करा, कारण लाकडाची प्रत्येक रेघ प्लॅस्टिकवर उमटते. प्लायवुडमध्ये ठोकळ्यापेक्षा चहूबाजूंनी किंचित मोठं भोक पाडा, त्यावर एक मि.मी. स्टायरीन पिनांनी ताणून बसवा, ओव्हनमध्ये शीट झोळीसारखी लोंबेपर्यंत तापवा आणि ठोकळ्यावर एका दमात दाबा. थांबत थांबत दाबलं तर पायऱ्या पडतात. पहिले काही तुकडे वाया जाणारच, म्हणून शीट जास्त आणा. हा ओव्हन स्वयंपाकाचा नको, आणि खिडकी उघडी ठेवा.

दुसरा मार्ग: गाडीच्या आडव्या छेदांचे स्टायरीनचे सांगाडे उभे करून मधल्या जागा इपॉक्सी पुट्टीने भरायच्या. एम-सीलने काम होतं, पण त्याचे कण भरड असतात. वरचा शेवटचा हात मिलिपुट या बारीक कणांच्या इपॉक्सी पुट्टीचा किंवा मोटारीच्या एनसी पुट्टीचा द्या. एनसी पुट्टी पातळ थरातच लावा. जाड लावलीत तर वाळून आक्रसते आणि महिन्याभराने रंगाखाली खळगा दिसतो.

बॉडी झाल्यावर सगळ्यांचं एक राहून जातं: कडा. खऱ्या पत्र्याची जाडी एक मि.मी.च्या आसपास, म्हणजे १:२४ मध्ये ०.०४ मि.मी. एवढं पातळ प्लॅस्टिक शक्य नाही. म्हणून चाकांच्या कमानी आणि खिडक्यांच्या कडा आतून तिरप्या तासायच्या, म्हणजे बाहेरून पातळ दिसतात. दारांच्या फटींचंही तसंच. खरी फट चार-पाच मि.मी.ची, मॉडेलवर ती ०.२ च्या आसपास हवी. पात्याच्या पाठीने हलक्या हाताने पाच-सहा वेळा ओढा. खोल आणि रुंद फटी दिसल्या की मॉडेल लगेच खेळणं वाटतं, रंग कितीही चकचकीत असो.

चाकं आणि टायर?

पद्मिनीचा टायर ५.२०-१४. १४ इंची रिम १:२४ मध्ये १४.८ मि.मी. होते. लेथ असेल किंवा ओळखीचा लेथवाला असेल तर अॅल्युमिनियममधून एकच रिम नीट काढून घ्या आणि बाकीच्या रेझिनमध्ये ओता. चार वेगवेगळ्या काढल्या तर चारही थोड्या वेगळ्या होतात. टायरला प्लंबिंगच्या दुकानातली ओ-रिंग चालते, पण तिचा छेद गोल असतो. ड्रिलमध्ये रॉडवर चढवून फिरवत पॉलिश पेपर लावा आणि जमिनीला टेकणारी बाजू सपाट करा.

तारांच्या स्पोकची चाकं हा वेगळाच प्रांत आहे. इंग्लंडचे जेराल्ड विनग्रोव्ह १:१५ मध्ये जुन्या गाड्या धातूतून घडवत आणि एकेक स्पोक ओवत. ते काम बघायला जरूर बघा, पहिल्या वर्षी करायला घेऊ नका.

एकाच भागाच्या चार प्रती हव्यात. साचा कसा काढू?

आरटीव्ही, म्हणजे खोलीच्या तापमानालाच घट्ट होणाऱ्या, सिलिकॉन रबरचा. ते दोन जातींचं मिळतं. टिनवालं स्वस्त आणि सोशिक, पण काही महिन्यांत थोडं आक्रसतं. प्लॅटिनमवालं मापाला पक्कं, पण नाजूक स्वभावाचं. मूळ भाग गंधक असलेल्या मातीत रोवलात किंवा लॅटेक्सचे मोजे घालून हाताळलात, तर तेवढ्या जागी ते कधीच घट्ट होत नाही, चिकट राहतं. सुरुवातीला टिनवालं घ्या.

आत ओतायला पॉलियुरेथेन रेझिन उत्तम. त्याला ओलावा सोसत नाही. पावसाळ्यात कोकणपट्टीत अर्धी वापरलेली बाटली उघडी राहिली तर पुढच्या ओतकामात भागाच्या जागी फेस निघतो. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा.

फायबर ग्लासवाल्यांकडचं पॉलिस्टर रेझिन स्वस्त आहे म्हणून बरेच जण तेच आणतात. त्यासोबत कोबाल्टचं अॅक्सिलरेटर आणि एमईकेपी हार्डनर अशा दोन बाटल्या येतात. या दोन बाटल्या थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, आग लागते किंवा स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर. दोन्ही बाटल्या एका कप्प्यातही ठेवू नका. घरात लहान मुलं असतील तर माझं मत स्पष्ट आहे: हे रेझिन आणूच नका.

थ्रीडी प्रिंट केलेला भाग 'स्क्रॅच' धरायचा का?

स्वतः आराखडा काढला असेल तर का नाही? कागदावर काढला काय आणि संगणकावर काय. लोखंडी जाळी, स्पीडोमीटरचं कडं, दिव्यांच्या चौकटी यांना रेझिन प्रिंटरसारखं साधन नाही. सपाट आणि चौकोनी भाग मात्र हाताने लवकर होतात. कच्चं रेझिन त्वचेला लागू देऊ नका. अॅलर्जी एकदा झाली की जन्माची सोबत करते.

क्रोम कसं आणायचं?

बंपरला आणि खिडक्यांच्या पट्ट्यांना बेअर-मेटल फॉइल, म्हणजे चिकट पाठीची अतिपातळ धातूची पन्नी. चिकटवा, कापसाच्या काडीने दाबा, नव्या पात्याने कापा. नव्या म्हणजे खरोखर नव्या. आरसे, हँडल अशा बारक्या जागांना द्रव क्रोमचं पेन. त्यावर क्लिअर कोट मारलात तर चमक जाते आणि करडा रंग उरतो, तेव्हा क्लिअर आधी आणि क्रोम शेवटी.

रंग पांढरट का पडतो?

हवेतल्या ओलाव्यामुळे. लॅकरमधलं थिनर भराभर उडतं, पृष्ठभाग गार होतो आणि त्यावर हवेतली वाफ थिजते. जुलैत मुंबईत किंवा रत्नागिरीत हे हमखास होतं. उपाय म्हणजे थिनरमध्ये थोडं रिटार्डर (ते सावकाश उडावं म्हणून मिळणारं द्रावण) घालणं, नाहीतर सरळ दिवाळीपर्यंत थांबणं. त्या काळात आतलं डॅशबोर्ड करा. पद्मिनीत पुढे सलग सीट आणि स्टिअरिंगजवळचा गिअर होता, तेवढ्यात पावसाळा निघतो.

काळ्या-पिवळ्यासाठी क्रम लक्षात ठेवा: आधी पांढरा प्रायमर, मग टपाचा पिवळा, तो पूर्ण वाळल्यावर मास्किंग टेप आणि मग काळा. काळ्यावर पिवळा कधीच नीट बसत नाही. टेपच्या कडेवर आधी पुन्हा पिवळ्याचाच हलका फवारा मारा. फट राहिली असेल तर पिवळाच आत जाऊन ती बुजवतो आणि काळ्याची कड सुरीसारखी येते. एनॅमलवर लॅकर मारू नका, सुरकुत्या पडतात.

हॉट व्हील्सची गाडी उघडून बदलता येते का?

येते, आणि हात बसवायला ती स्वस्त शाळा आहे. तळाचे रिव्हेट ३ मि.मी.च्या ड्रिलने हळू कोरा, डोकं सुटलं की थांबा. बंद करताना त्या खांबात २ मि.मी.चं भोक पाडून एम २.५ चे आटे पाडले की पुढे स्क्रूने उघड-बंद करता येते. रंग काढायला हार्डवेअरच्या दुकानातलं पेंट रिमूव्हर वापरा, हातमोजे आणि उघडी हवा ठेवून. कॉस्टिक सोड्यात किंवा अॅसिडमध्ये बुडवू नका. बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते आणि ती त्यात खायला लागते.

१९६८ ते १९७७ मधली, टायरवर लाल रेघ असलेली जुनी गाडी हाती आली तर ड्रिल खाली ठेवा. ती संग्राहकाला द्या आणि बदल्यात ढीगभर नव्या घ्या.

मुलांना सोबत घेता येईल का?

मापं काढणं, कागदी नमुना करणं, पॉलिश पेपरने घासणं, रंग ठरवणं यात घ्या. पाती, डाख, रेझिन आणि स्प्रे मोठ्यांनीच हाताळावं. घासताना पाण्याचा हात लावा, धूळ नाकात जात नाही. फवारणीला साधा कापडी मास्क पुरत नाही, ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटर लागतो.

दुसऱ्याने केलेल्या रेझिन भागाचा साचा काढून प्रती वाटल्या तर चालेल का?

नाही. विकत घेतलेला भाग तुटला आणि स्वतःच्याच गाडीसाठी एक प्रत काढली, तर कुणी हरकत घेणार नाही. पण प्रती विकणं, 'फक्त खर्चापुरते' घेऊन मित्रांना देणंसुद्धा, ज्याने मूळ भाग महिनाभर घासून केला त्याच्या कामावर डल्ला मारणंच आहे. त्याला विचारा. बरेच जण आनंदाने आणखी चार प्रती ओतून देतात, काही जण मूळ आराखडाही पाठवतात.